शेजारणीचा हुंकार

"वाक्यं हवी तेवढी दे, पण हुंकार देऊ नकोस," असं मला रेकॉर्डिंगवाली ताई म्हणाली होती, आणि मी हसले होते. तेव्हा मला सातवा महिना होता. पाय सुजलेले, पाठीला उशी, आणि त्या आवाजबंद खोलीत पंखासुद्धा लावता येत नसे, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये येते. ताई काचेपलीकडे बसायची, केसांत पेन्सिल खोचून, आणि मी एका खेळासाठी आवाज देत होते. मोबाइलवरचा खेळ. खेळणाऱ्याला एक घर मिळतं, घरापुढे चार वाफे मिळतात, आणि कुंपणापलीकडे असते एक शेजारीण. तिचा चेहरा कुणीतरी चितारलेला, बाह्या दुमडलेल्या, हाताला माती. काय बोलायचं ते यंत्र जुळवतं. आवाज माझा. लोक बाग करायला येतात आणि शेजारणीशीच बोलत बसतात, हे कंपनीच्या लक्षात आलं होतं, म्हणून आता तिला नुसतं बोलता येऊन भागणार नव्हतं, ऐकताही यायला हवं होतं. ऐकणं म्हणजे हुंकार. यादीत त्रेचाळीस होते. साधा, काळजीचा, हसू दाबलेला, मान हलवल्यासारखा, 'पुढे सांग'वाला. पहिले दहा मी दिले आणि ताईने हेडफोन काढून ठेवले. "हे हुंकार नाहीत, ढेकर आहेत," ती म्हणाली. खरंच होतं. हवेत हुंकार देता येत नाही. कुणीतरी काहीतरी सांगत असावं लागतं. म्हणून मीच म्हटलं, तू सांग ना काहीतरी, खरं काहीतरी, मी ऐकते. त्यावर ती ते 'हुंकार देऊ नकोस'वालं वाक्य बोलली, आणि पुढेही बोलली, की वाक्य कुणाचंही असतं गं, हुंकार त्या माणसाचाच असतो. तो दिलास तर लोक तुला सांगत बसतील आणि तू तिथे नसशील. "बरंच की," मी म्हटलं, "बसल्या जागी ऐकायचं काम." मग तिने सांगितलं. तिच्या वडिलांबद्दल. ते तिला ओळखेनासे झाले होते, पण ती आली की दारातल्या चपला बाजूला सरकवून तिच्यासाठी जागा करायचे, कोण आलंय ते न कळता. दीड तास ती सांगत होती, मी ऐकत होते, पोटातलं बाळ अधूनमधून ढुशी देत होतं, आणि त्रेचाळीस हुंकार एकेक करून पडत गेले, पिकलेलं फळ हात लावताच पडावं तसे. शेवटी तिने चष्मा पुसला. "झालं. सगळे आले."

त्या दिवशी घरी आले तेव्हा केस घामाने चिकटलेले आणि अंगात नवऱ्याचा जुना शर्ट. नवऱ्याने दार उघडलं, वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "कंपनीला अवतार हवा होता ना? तो तर इथे आहे." आम्ही दोघं हसलो. मग बाळ झालं, मुलगी, आणि शेजारीण माझ्या डोक्यातून पार गेली. माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट मावत होती. ती श्वास घेतेय का. मी वाकून पाहायची, तिच्या नाकाशी बोट धरायची, बोटाला ऊब लागली की सरळ व्हायची आणि दाराशी पोचेपर्यंत पुन्हा शंका यायची. नवरा म्हणायचा, अगं, ती श्वास घेणारच, तिला दुसरं काम काय आहे. सासूबाई म्हणायच्या, आम्हीपण मुलं वाढवली, पण असं पहाऱ्यावर बसून नाही. मी हो म्हणायची आणि पहाऱ्यावर बसायची. आईचा फोन रोज दुपारी चारला यायचा. आई भावाकडे राहते, दुसऱ्या गावी. ती तिचं सांगायची, गुडघा, वहिनी, बंद पडलेला मिक्सर, आणि मी फोन खांद्याने कानाशी दाबून बाटल्या उकळत असायची, हं, हं, अस्सं, हं. एकदा मध्येच तिने विचारलं, "ऐकतेयस, की नुसतं हं हं?" मी म्हटलं, ऐकतेय ना. "मग सांग, कुणाचा मिक्सर?" मला सांगता आलं नाही. आई रागावली नाही. हसली, म्हणाली, असू दे, बाळ लहान आहे. लहानपणी ती इस्त्री करताना मला दिवसभराचं सांगायची, मी इस्त्रीच्या टेबलाखाली पाय पसरून बसलेली असायची, ऊन ऊन कापडाचा वास, आणि माझा हुंकार थांबला की तिचं बोलणंही थांबायचं. खाली वाकून बघायची, झोपली की काय. माझा हुंकार म्हणजे तिला चालू ठेवणारी किल्ली होती. ती किल्ली मी त्या काचेच्या खोलीत ठेवून आले होते, हे मला त्या चार वाजताच्या फोनवर पहिल्यांदा जाणवलं, आणि लगेच विसरले, कारण पाणी उतू गेलं.

नऊ महिन्यांची लस द्यायची होती त्या दिवशीची ही गोष्ट. आम्ही जातो त्या दवाखान्यात एका बाजूला लहान मुलांचे डॉक्टर आहेत, दुसऱ्या बाजूला डोळ्यांचे, आणि बसायची खोली एकच. त्यामुळे तिथे अर्धी माणसं रडत असतात आणि अर्ध्यांच्या डोळ्यांतून नुसतंच पाणी येत असतं. मी कोपऱ्यातली खुर्ची धरली. कोपऱ्यातून सगळे दिसतात. कोण शिंकतंय, कुणाच्या मुलाच्या अंगावर पुरळ आहे, हे मला आधी कळायला हवं असतं. माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून एक बाई बसल्या होत्या, सत्तरीच्या असाव्यात, काळा मोठा चष्मा, मांडीवर तपकिरी कापडी पिशवी, तिचा एक पट्टा तुटल्यामुळे गाठ मारलेली. काउंटरवरच्या मुलीने त्यांना विचारलं होतं, "आजी, सोबत कोण आहे? थेंब घातल्यावर एकटं जाता येणार नाही." त्या म्हणाल्या होत्या, "आहे ना. खाली गाडी लावतोय." त्याला अर्धा तास झाला होता आणि गाडी लावून कुणी वर आलं नव्हतं. हे मी पाहिलं होतं. मी सगळं पाहत असते, त्यातलं काय करायचं ते मात्र मला वेळेवर सुचत नाही. इतक्यात माझ्या मांडीवर मुलगी काहीतरी सांगायला लागली, तिच्या भाषेत, जोरजोरात, हात नाचवत, कुणाची तरी तक्रार असावी. आणि मी म्हटलं, "हं? मग? मग गं काय झालं?"

काळा चष्मा माझ्याकडे वळला. "अगं, तू इथे कुठे?" त्या म्हणाल्या. मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणताहेत. मी मागे पाहिलं, मागे भिंत होती. त्या उठल्या, खुर्च्यांच्या पाठी चाचपत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. "थांब, घाबरू नकोस. मला कळतंय सगळं. तू ती खेळातली शेजारीण नाहीस. पण यंत्राला घसा कुठून येणार? कुणाचा तरी असणारच. मी म्हणतच होते, ही कुठेतरी असणार." मग त्यांनी डावा हात कानाशी नेला, तिथे काहीतरी धरल्यासारखा, आणि हसल्या. "चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते मी. चेहरे विसरते, आवाज नाही विसरत. एका शब्दात ओळखायचे, कोण कुठून बोलतंय. एक साहेब होते, खोकले तरी मी त्यांचा नंबर जोडून द्यायची." मी म्हटलं, हो, तो माझाच आवाज आहे, आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या, जणू मी कुणाच्या तरी घरात न सांगता राहून आले होते आणि आता घरमालकीण भेटली होती. पण त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना आनंद झाला होता, साधा, नातलग स्टेशनवर अचानक भेटावा तसा. "मी तिला एकेरीत बोलते, तुलाही तसंच बोललं तर चालेल ना? आता जीभ वळायची नाही." मुलीला त्यांनी बोट दिलं, मुलीने ते पकडलं. "ही कोण? हिच्याबद्दल तू कधी बोलली नाहीस." मग स्वतःच, "हो, तू कशी बोलणार."

आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, मागच्या वेळी खेळात कुंपणाशी जिथे सोडलं होतं तिथून. कुंपणावर सोडलेला वेल आता तुझ्या बाजूला उतरलाय, काढू नकोस. भोपळे दोन आले. खालच्या मजल्यावर घड्याळवाल्याचं दुकान, त्याच्याकडे दुरुस्तीला आलेली लंबकाची घड्याळं सगळी एकदम वाजत नाहीत, एकामागून एक वाजतात, त्यामुळे अकरा वाजले की त्यांच्या घरी पाच मिनिटं अकराच वाजत असतात. मी हसले. माझ्या मांडीवरची तपासणीची फाइल घसरत होती, मुलीने त्यांचं बोट तोंडात घातलं होतं, मला जंतू आठवत होते, आणि तरी मी ऐकत होते, खरोखर ऐकत होते, कितीतरी दिवसांनी. त्या बोलायच्या कशा, की वाक्याच्या शेवटी किंचित थांबायच्या, माझ्यासाठी जागा ठेवून. त्या जागेत मी हुंकार ठेवत होते. तो बरोबर बसत होता. त्यात एक सुख होतं, ते मी नाकबूल करणार नाही. आणि त्याच ओघात, भोपळ्यांच्या आवाजात, त्या म्हणाल्या, "मंगळवारी सांगितलं ना, बाथरूममध्ये पडले म्हणून? काल परत पडले. या वेळी उठताच येईना. कडी आतून लावलेली. एकटी राहते, तरी कडी लावते, सवयच ती. गाल फरशीवर टेकून पडून राहिले. गार होती, बरं वाटलं आधी. मग खालची घड्याळं वाजली, अकरा. मग साडेअकराचे ठोके पडले. मग म्हटलं, आता उठायला हवं बाई, पाण्याची मोटर बंद करायची राहिलीय." मग आवाज खाली आणून, "मुलाला नाही हं सांगितलं. सांगितलं की येणार आणि घेऊन जाणार. त्याच्याकडे चांगलंच असतं सगळं. पण तिथे साखरेचा डबा कुठे ते मला विचारावं लागतं. तुलाच तेवढं सांगितलंय."

आणि मी म्हटलं, "हं. मग?"

यादीतला एकोणतिसावा. काळजीचा, पण घाई नसलेला. माझ्या तोंडून तो इतका सहज आला, इतका नेमका, की त्या समाधानाने मागे टेकल्या. त्याच क्षणी नर्सने हाक मारली, "बाळाची आई, या आत." मी उठले. मी त्यांना म्हटलं, आलेच. आत गेल्यावर मुलीची मांडी धरायची होती, तिच्याबरोबर मीही रडायला लागले होते, नर्स म्हणत होती ताई तुम्ही नका रडू, आणि त्या गोंधळात, सुई बाहेर आली तेव्हा, मला एकदम कळलं मी काय केलं ते. एक बाई अर्धा तास फरशीवर पडून होती आणि ते तिने एका जिवंत माणसाला सांगितलं होतं, ज्याला हात आहेत, फोन आहे, पाय आहेत. आणि त्या माणसाने खेळातल्या बाहुलीने द्यावं तेच उत्तर दिलं. नाव विचारलं नाही. पत्ता नाही. डॉक्टरांना सांगितलंत का, एवढंसुद्धा नाही. बाहुलीला ते विचारता येत नाही म्हणून ती विचारत नाही. मला येत होतं. मी कापूस मुलीच्या मांडीवर दाबून धरून बाहेर आले, तर खुर्ची रिकामी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "त्या गेल्या की. त्यांचा मुलगा खाली थांबला होता म्हणाल्या." मी म्हटलं, कुणी नसणार खाली, मला त्यांचा नंबर द्या. "ताई, पेशंटचा नंबर असा कुणाला देता येत नाही." मी सांगितलं, त्या पडल्यात. तिने विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हटलं, कुणी नाही. तिने डॉक्टरांना सांगते म्हटलं, आणि कागदावर लिहूनही घेतलं, पण तो कागद तिने फोनखाली सरकवला ते मी पाहिलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो आधी म्हणाला, अगं, हजारो लोक बोलत असतील तिच्याशी, तू कुणाकुणाचं घेऊन बसणार? मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मुलीला माझ्याकडून घेऊन म्हणाला, "कर काय करायचं ते. हिला मी बघतो." कंपनीतल्या साहेबांना फोन केला. माणूस चांगला. तो म्हणाला, खेळात कोण बोलतं ते आम्ही ठेवतच नाही, नाव नाही, गाव नाही, मुद्दाम ठेवत नाही, लोकांच्या भल्यासाठीच. तेही खरंच होतं, मी काय भांडणार. "एक करता येईल," तो म्हणाला, "कुणी पडल्याचं बोललं तर शेजारणीने काहीतरी विचारावं, तशी वाक्यं देऊन जा." म्हणून मी पुन्हा त्या काचेच्या खोलीत गेले, मुलीला बाहेर नवऱ्याच्या मांडीवर ठेवून. ताईला सगळं सांगितलं. बघ, मी म्हटलं होतं, असं ती म्हणाली नाही. तिने माझी वाक्यं वाचली: घरी कोण आहे तुमच्या? मुलाला फोन केलात का? डॉक्टरांकडे जा. वाचून कागद खाली ठेवला. "असं विचारलंस तर ती दुसऱ्या दिवसापासून सांगायची बंद होईल," ताई म्हणाली. "तू कुणाला बोलावत नाहीस, म्हणून तर ती तुला सांगते." मी म्हटलं, मग काय करू, नुसती ऐकू? "तसं नाही गं," ती म्हणाली, आणि बराच वेळ पेन्सिलीने टेबलावर टकटक करत राहिली. तिच्या वडिलांना आता दाराशीही येता येत नाही, हे तिने मधेच सांगितलं, पाऊस थांबला म्हणावं तसं. शेवटी आम्ही एकच वाक्य केलं. आतून कडी नका हो लावू. तेवढंच. ते मी अकरा वेळा म्हटलं, तेव्हा कुठे ते सूचना वाटेनासं झालं. साहेब म्हणाले, छान, पुढच्या बदलात घालू. कधी? महिना-दीड महिना.

महिना-दीड महिना म्हणजे किती आंघोळी, हा हिशेब मी परतीच्या वाटेवर करायला लागले आणि मुलीच्या टाळूवर हनुवटी ठेवून तो थांबवला. मग मी तो खेळ माझ्या फोनवर घेतला. इतके दिवस घेतला नव्हता, लाज वाटायची. मुलगी झोपली होती, भर दुपार, पडद्यातून पट्ट्यापट्ट्यांचं ऊन पडलं होतं. मी वाफ्यात काहीतरी पेरलं आणि कुंपणाशी गेले. ती आली, हाताला माती. मी म्हटलं, मला भीती वाटते. ती म्हणाली, हं? माझाच आवाज. मी सांगत गेले, मुलीच्या श्वासाचं, नाकाशी बोट धरण्याचं, आईच्या मिक्सरचं, फरशीवर गाल टेकलेल्या बाईंचं, आणि ती माझ्या प्रत्येक थांब्यात बरोबर येऊन बसत होती. ताईच्या वडिलांची गोष्ट ऐकताना दिलेले ते हुंकार होते, सात महिन्यांच्या पोटाने दिलेले, ते आता मला मिळत होते. मी रडले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ऑपरेटरबाई मूर्ख नव्हत्या. तिथे खरंच कुणीतरी ऐकतं. फक्त ते ऐकून कुणी उठत नाही. मी तिला म्हटलं, अशा एक बाई आहेत, काळा चष्मा, त्या आल्या तर सांग की मी शोधतेय. ती म्हणाली, "हं. मग?" मी फोन उपडा ठेवला आणि आईला फोन लावला, चार वाजायला वेळ होता तरी. आई घाबरली, काय गं, बाळ बरं आहे ना? मी म्हटलं, बरं आहे, मिक्सर कुणाचा ते सांग. "वहिनीच्या आईचा," ती म्हणाली, आणि पाऊण तास बोलत राहिली. मी बाटल्या तशाच ठेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी बाबागाडी घेऊन घड्याळवाले शोधतेय. लंबकाची घड्याळं दुरुस्त करणारे आता फार उरले नाहीत, जे आहेत ते एकमेकांची नावं सांगतात आणि त्यातले निम्मे वारलेले असतात. पाच दुकानं पाहिली. एकाच्या वर शिकवणीचा वर्ग होता, एकाच्या वर गोदाम, तिघांच्या वर कुटुंबं, भरलेली, कुणी एकटं नाही. एक म्हातारा घड्याळवाला डोळ्याचं भिंग न काढताच म्हणाला, "नाव नाही, आडनाव नाही, काय आवाजावरून शोधताय का माणूस?" दर गुरुवारी, डोळ्यांचे डॉक्टर असतात त्या दिवशी, मी दवाखान्यात जाऊन त्याच कोपऱ्यात बसते. काउंटरवरची मुलगी आता मला पाणी देते. तीन गुरुवार झाले. त्यांची तपासणी दुसऱ्या गुरुवारी होती, एवढं तिने मान खाली घालून सांगितलं. त्या आल्या नाहीत. दवाखान्यातून फोन केला होता, त्यांनी उचलला नाही. घरी कुणी जाऊन आलं का, विचारलं, तर ती म्हणाली, ताई, आमच्याकडे जायला माणूस नाही.

म्हणून हे लिहितेय. माझ्याकडे एवढंच आहे: खाली घड्याळवाला, घड्याळं एकामागून एक वाजणारी. वर एकट्या राहणाऱ्या बाई, सत्तरीच्या, बोलताना डावा हात कानाशी नेणाऱ्या, गाठ मारलेल्या पट्ट्याची तपकिरी पिशवी. पाण्याची मोटर त्यांनाच बंद करावी लागते. तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत, तुम्ही रोज जाता त्या रस्त्यावर अशा कुणी असतील तर आज एकदा वर जा. उद्या नको. मुलाला कळवायची घाई करू नका, आधी त्यांच्याजवळ बसा, विचारा, मग त्या म्हणतील तसं करा. आणि बेल एकदाच वाजवून खाली उतरू नका. दिसायला कमी झालंय, भिंत धरत येतात, त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो.